काका, चेहरा छापायचा राहिलाय

फ्रेमवाल्याने प्रिंट टेबलावर पसरली, चार कोपऱ्यांवर चार पट्ट्या ठेवल्या आणि म्हणाला, "काका, बाईचा चेहरा छापायचा राहिलाय. बदलून मिळेल का बघा."

राहिलेला नाही, तो काढलेलाच नाही. नॉर्वेच्या एडवर्ड मुंकने 1896 साली रंगवलेलं हे चित्र, नाव 'ताटातूट' (हे आपलं माझं मराठी). मूळ चित्र ऑस्लोत त्याच्याच नावाच्या संग्रहालयात आहे. लेक तिथेच नोकरीला असते, दिवाळीला येताना प्रिंट पुठ्ठ्याच्या नळीतून घेऊन आली. देताना जरा चाचरली, "बाबा, तुला आवडेल की नाही माहीत नाही."

पांढऱ्या झग्यातली ती समुद्राकडे निघाली आहे. नाक नाही, डोळे नाहीत. काळ्या कपड्यांतला तो झाडाशी, मान खाली, छातीवर दाबलेला हात लालभडक. समोर लालच झुडूप. आणि तिचे केस लांबच लांब मागे वाहत त्याच्यापर्यंत आलेले.

चित्र प्रेमभंगाचं आहे, मरणाचं नाही, हे मला कळतं. पण मुंकची आई 1868 मध्ये क्षयाने गेली, तेव्हा तो पाच वर्षांचा होता. 1877 मध्ये थोरली बहीणही त्याच रोगाने गेली. अशा माणसाने सोडून जाणं आणि मरणं यांच्यात फार मोठी रेघ मारली असेल, असं वाटत नाही.

हिला जाऊन तीन वर्षं झाली. फोटो बघितल्याशिवाय चेहरा नीट आठवत नाही, हे मी लेकीला अजून सांगितलेलं नाही. केस मात्र सापडतात. गेल्या थंडीत माझ्या राखाडी स्वेटरच्या बाहीत विणीतच अडकलेला एक निघाला, हातभर लांब. तो स्वेटर मी धुवायला टाकला नाही.

फ्रेमवाला माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या, खाली डावीकडचा समुद्र दोन इंच दाबणार होता. नको म्हटलं, तिला जायला जागा राहू दे. त्याने माझ्याकडे बघितलं आणि निमूट माप बदललं.

पलंगासमोर लावलीय. काल व्हिडिओ कॉलवर लेक ओरडली, "तिथे दुपारचं ऊन येतं बाबा, रंग उडेल!" म्हटलं, उडू दे. मुंक स्वतःची चित्रं पावसाबर्फात अंगणात ठेवायचा.