पेपरात गुंडाळलेली ३६ बी

नववीत होते तेव्हा आईनं मला बाडी (आमच्याकडं बाडीच म्हणतात, ब्रा म्हणायला जीभ अजून अडखळते) घ्यायला गंजगोलाईतल्या एका होजिअरीच्या दुकानात नेलं, काउंटरवरच्या काकांनी माझ्याकडं बघितल्या न बघितल्यासारखं करून आतल्या पोराला हाळी दिली, "बत्तीस काढ रे." पोरानं खोकं काढलं, काकांनी माल पेपरात गुंडाळला, वरून काळी कॅरीबॅग, आणि आई अशी भराभरा निघाली की जसं काय आम्ही काही ढापून चाललोय. लातूरला सोळा रस्ते त्या गोलाईत येऊन मिळतात म्हणतात, आईनं नेमका सगळ्यात कमी ओळखीचा धरला.

पुढं लग्न, दोन बाळंतपणं, तसा तो आकडाही ३४, ३६ असा सरकत गेला नि ३६ बी वर येऊन थांबला, कुणी टेप लावला म्हणून नाही, तर ३४ काचायला लागली म्हणून. बरं मी मापाच्या बाबतीत आळशी आहे असंही नाही. कटोरी ब्लाउज टाकला की अर्ध्या इंचावरून टेलरीणबाईचं डोकं खाते, मुंढा ओढतोय, कटोरी वर चढली, परत उसवा. आणि तो ब्लाउज ज्याच्यावर बसणार ती बाडी मात्र पेपरातून येईल ती.

खांद्यावर पट्ट्यांचे खोल वळ पडायचे, मान दुखायची, मी आपली बाम चोळून झोपायचे. दिवाळीला लेक पुण्याहून आली आणि पाठीमागून बघून म्हणाली, "आई, हा पट्टा कुठं निघालाय, मानेकडं?" पाठीवरचा पट्टा सरळ आडवा राहायला पाहिजे म्हणे, बहुतेक भार त्यानंच धरायचा असतो, खांद्यानं नाही. तो ढिला असला की मागून वर चढतो, पुढून सगळं खाली येतं, मग आपण खांद्याच्या पट्ट्या आवळतो, की मागचा अजून वर. वीस वर्षं मी हेच करायलेय.

मग तिनं शिवणाच्या डब्यातला टेप काढला. छातीच्या खाली ३१, वर भरलेल्या जागी ३६. म्हणजे ३२ चा पट्टा (पट्टा सम आकड्यातच येतो) आणि तिथून ३६ पर्यंत ४ इंचाचा फरक, एक इंचाला ए, दोनाला बी, तिनाला सी, चाराला डी. "डी? काहीतरीच काय गं!" मला वाटायचं डी म्हणजे फार अवाढव्य बायकांचं काम, तर ते अक्षर नुसतं वजाबाकीचं उत्तर निघालं. आणि खरी गंमत अशी की ३६ बी, ३४ सी आणि ३२ डी यांची कटोरी जवळपास सारखीच असते, म्हणजे काकांच्या अंदाजानं कटोरी बरोबर दिली होती, पट्टाच चार इंच ढिला! नवी आणली ती शेवटच्या, सगळ्यात ढिल्या हुकावर घालायची, पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढी, पुढं इलॅस्टिक सैल पडलं की एकेक हूक आत यायचं. हे मला चाळिशीत कळलं.

आज्जीचं बरं होतं, खणाची चोळी, पुढं गाठ. जाडी झाली, बारीक झाली, सकाळी गाठ मारली की माप झालं. ही एबीसीडी तिकडं अमेरिकेत १९३२ च्या सुमाराला आली, तिला कशाला कळणार.

वाळत घालायचं मात्र आम्ही आज्जीकडूनच शिकलो, दोरीवर आधी बाडी, वर टॉवेल, पाहुण्याच्या नजरेला पडायला नको. त्यात अर्धं बरोबरही आहे, आमच्या मे महिन्याच्या उन्हात इलॅस्टिकचा जीव जातो, सावलीच पाहिजे. पण जाड टॉवेलाखाली ती वाळतच नाही, ओलसर कुबट राहते, मग घामोळ्या, खाज. मी आता मागच्या गॅलरीत उघडी घालते, मधोमध दोरीवर टाकून, खांद्याच्या पट्ट्यांनी लटकवली की त्या ताणतात. पिळत नाही, टॉवेलात दाबते (टॉवेलाचा तेवढाच उपयोग). बोअरच्या जड पाण्यानं कापड पापडासारखं कडक होतं म्हणून शेवटचा खंगाळा पिण्याच्या पाण्याचा. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात असं कुणी सांगितलं असतं तर आईनं मला घराबाहेर काढलं असतं.

परवा आईलाच धरलं, टेप घेऊन. खिडकी लाव म्हणाली, दार लाव म्हणाली, मग गुदगुल्या होऊन इतकी हसायली की आकडाच लागेना. नवीन घालून आरशापुढं उभी राहिली, ताठ, वळून बघितलं, मग पलंगावरचा ब्लाउज चढवला तर हूक लागेना, कटोऱ्या सगळ्या भलतीकडंच.

"गेले माझे बारा ब्लाउज," आई म्हणाली, "आता टेलरीणबाईला काय सांगू?"