पाच आकडे

"पाणी जमीनमा जास, मंग आमनी विहीर काब्र आटी जास?"

चौथीत जलचक्र शिकवून "शंका?" विचारलं. नेहमीची शांतता. आज मनात पाच आकडे मोजले. शेवटच्या रांगेतली, फ्रॉकचं बटण पिरगाळणारी ती अहिराणीत बोलली. "शुद्ध बोल" अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. मग सगळा वर्गच सुटला. कोणी बोअरवेल म्हणालं, कोणी कपाशीचं पाणी. मी फक्त ऐकत होते.

अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकातच दाखवलंय: शिक्षक उत्तरासाठी जेमतेम 1 सेकंद थांबतात, 3 सेकंद थांबले तरी मुलं जास्त बोलतात.

जूनपासून ती माझ्याच वर्गात आहे. आधी असे किती प्रश्न गिळले असतील तिने?