तुम्ही विचारलंत म्हणून: आडोशामागचे जुने खेळ

नवे गेम चालवणारे यंत्र घरात असताना पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे गोळीबाराचे गेम तुम्ही शोधून शोधून का खेळता, हा प्रश्न मला कार्यालयात, लग्नसमारंभात आणि अलीकडे घरातही इतक्या वेळा विचारला गेला आहे की एकदा सविस्तर उत्तर लिहून ठेवावे असे ठरवले. या प्रश्नाला आणखी एक शेपूट आहे, आणि ते फक्त जवळची माणसे जोडतात: तुमचे मामा पायदळात होते, त्यांच्यासमोर बसून तुम्हाला हे खेळवते तरी कसे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आहे. दुसरा प्रश्न निघाला की मी आजवर विषय बदलत आलो आहे.

हे स्मरणरंजन नाही, एवढे आधी सांगतो, कारण विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते गृहीतच धरलेले असते. माझ्या पिढीतल्या इतरांप्रमाणे मीही सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून ‘प्रोजेक्ट आयजीआय’ आणि ‘व्हाइस सिटी’ खेळलो. पण ज्या गेमबद्दल मला विचारले जाते, त्यांतले बहुतेक मी तिशी उलटल्यावर प्रथम पाहिले, आणि त्यांच्याशी माझी बालपणीची एकही आठवण जोडलेली नाही.

मला त्यांच्यात रस आहे तो एका अडचणीमुळे. थर्ड-पर्सन गेममध्ये आपण खेळवत असलेला माणूस आपल्यासमोर पाठमोरा उभा असतो. फर्स्ट-पर्सन गेममध्ये हातातली बंदूक दिसते आणि बाकीचे शरीर गृहीत धरलेले असते. भिंतीमागे सरकले की समोरचे दिसेनासे होते आणि लपण्याची गोष्ट तिथेच संपते. पाठमोऱ्या माणसाला मात्र खांदे असतात, गुडघे असतात, आणि कॅमेरा त्याच्या मागे असल्यामुळे तो भिंतीआड दबून बसला तरी भिंतीपलीकडचे आपल्याला दिसत राहते. मग हे शरीर ठेवायचे कुठे? ते भिंतीला कसे चिकटणार, नेम धरायला किती बाहेर येणार, आणि तेवढ्या वेळात त्याला कितीशी इजा होऊ द्यायची? साधारण १९९९ ते २०१२ या काळात प्रत्येक स्टुडिओ या प्रश्नांना आपापल्या परीने भिडत होता आणि उत्तरे एकमेकांशी जुळत नव्हती. ती न जुळणारी उत्तरे मला स्वतःच्या हातांनी तपासून पाहायची असतात. आजच्या मोठ्या गेममध्ये आडोसा घेणे इतके गुळगुळीत झाले आहे की हे कधीकाळी कुणाला तरी ठरवावे लागले होते, हे बोटांना जाणवतच नाही.

फिनलंडच्या रेमेडी स्टुडिओचा ‘मॅक्स पेन’ २००१ मध्ये आला, आणि त्यात आडोसा घेण्याचे बटणच नाही. मॅक्स उघड्यावर उडी घेतो, काळ मंदावतो, आणि झालेली जखम आपोआप पुरती भरत नाही. वेदनाशामक गोळ्या सापडल्या तरच भरते. त्यामुळे प्रत्येक दारापाशी खेळाडू थबकतो. दोनच वर्षांनी नाम्कोच्या ‘किल स्विच’ने उलटी वाट धरली: बटण दाबून भिंतीला टेकायचे आणि डोके वर न काढता नुसती बंदूक भिंतीवर धरून गोळ्या झाडायच्या. एपिक गेम्सच्या ‘गिअर्स ऑफ वॉर’ने २००६ मध्ये हीच कल्पना जगभर नेली, आणि त्याचे मुख्य डिझायनर क्लिफ ब्लेझिन्स्की यांनी हे ऋण उघडपणे मान्य केले आहे. ‘गिअर्स’मधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र भिंत नव्हे, बंदूक भरणे ही आहे. रिलोडचे बटण दाबले की पडद्याच्या कोपऱ्यात एका पट्टीवरून रेघ सरकू लागते; ती नेमक्या खुणेवर असताना बटण पुन्हा दाबले तर बंदूक चटकन भरते, चुकले तर अडकते, आणि काहीच केले नाही तर सावकाश भरते. म्हणजे भिंतीआड सुरक्षित बसलेल्या खेळाडूलाही उसंत नाही. ज्याने हे योजले त्याला आडोशामागे बसलेल्या माणसाचे मन कळले होते, असे मला मनापासून वाटते.

शिंजी मिकामी यांचे दोन गेम लागोपाठ खेळून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते पटेल. २००५ च्या ‘रेझिडेंट एव्हिल ४’मध्ये त्यांनी कॅमेरा नायकाच्या उजव्या खांद्यामागे आणला, पण नेम धरला की पाय जमिनीला खिळतात, समोरून माणूस चालून येत असतो आणि आपल्याला एक पाऊलही मागे घेता येत नाही. पाच वर्षांनी त्यांनीच केलेल्या ‘व्हँक्विश’मध्ये भिंती जागोजाग आहेत, पण नायक गुडघ्यांवर रॉकेटच्या वेगाने घसरत जातो आणि त्या भिंतींमागे फार वेळ बसावेसे वाटत नाही. एकाच माणसाने एकाच प्रश्नाची अशी दोन टोकाची उत्तरे दिलेली पाहणे हा माझ्यासाठी फार मोठा आनंद आहे, आणि ‘नवे का घेत नाही’ या प्रश्नाला माझे एवढेच उत्तर आहे.

आता मामांविषयी. ते सातारा जिल्ह्यातले, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते काही महिने आमच्याकडे होते, आणि त्यांचा पलंग बैठकीच्या खोलीत, म्हणजे टीव्हीसमोरच होता. मी आधी त्यांच्यादेखत खेळायचे टाळत असे. त्यांनीच एकदा, “लाव की तुझं ते, मी काय लहान पोर आहे का,” असे म्हटले, आणि तेव्हापासून ते पाहू लागले.

त्यांचे पाहणे माझ्यापेक्षा फार वेगळे होते. लाकडी खोक्यामागे मी निर्धास्त बसलो की ते अस्वस्थ होत. नजरेपासूनची आड वेगळी आणि गोळीपासूनची वेगळी, हे त्यांनी मला अनेकदा बजावले. “झुडूप तुला लपवतं, वाचवत नाही. हे खोकं तर दोन्ही करायचं नाही.” ‘किल स्विच’मध्ये मी डोके खाली ठेवून गोळ्या झाडू लागलो तेव्हा त्यांनी विचारले, “न बघता मारायचं? मग लागली कुणाला हे कसं कळायचं?” मी म्हटले की पलीकडे सगळे शत्रूच असतात. ते काही बोलले नाहीत. तेव्हा मला हा तांत्रिक आक्षेप वाटला होता.

पुढे ‘स्पेक ऑप्स: द लाइन’ची डिस्क मिळाली. बर्लिनच्या यागर स्टुडिओने २०१२ मध्ये केलेला हा गेम. वाळूच्या वादळांत गाडले गेलेले दुबई, लोकांना बाहेर काढण्यासाठी तिथे थांबलेली आणि मग बेपत्ता झालेली अमेरिकी बटालियन, आणि तिचा शोध घ्यायला निघालेले तीन सैनिक, अशी मांडणी. कव्हर शूटर, म्हणजे आडोशाआडून गोळीबार करण्याचा गेम, म्हणून तो सामान्य आहे. भिंतीला चिकटणे आणि उडी मारून पलीकडे जाणे एकाच बटणाच्या आसपास असल्याने गडबड होते. निम्म्या वाटेवर एक तळ लागतो. समोर सैनिकांची मोठी तुकडी, आणि आपल्या बाजूला पांढऱ्या फॉस्फरसचे, म्हणजे माणसांना जाळणारे, गोळे डागणारी तोफ. सोबतचा लुगो विरोध करतो, नायक वॉकर म्हणतो की दुसरा मार्ग नाही. तोफ वापरायची नाही असे ठरवून रायफलने लढून पाहता येते, पण शत्रू संपतच नाहीत आणि आपण मरतो; मी तेही करून पाहिले. अखेर तोफेच्या पडद्यावर वरून घेतलेले करडे चित्र येते, त्यात माणसे म्हणजे पांढरे ठिपके, आणि काचेवर वॉकरच्याच चेहऱ्याचे पुसट प्रतिबिंब.

ठिपके पळत होते, मी गोळे टाकत होतो. शेवटी एक गाडी उरली, आणि तिच्यापलीकडे ठिपक्यांचा दाट पुंजका होता. मामा पलंगावर सरसावून बसले.

“ती कडेची माणसं हलत का नाहीत रे?”

“ते टार्गेट आहे, मामा. ते उडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.”

“पळत नाहीयेत. बसलेली आहेत.”

मी गोळा टाकला. त्यानंतर गेम खेळाडूला धुरातून चालत नेतो, आणि धावायची मुभा देत नाही. पाय तुटलेले सैनिक सरपटत असतात. पुंजका होता त्या जागी दुबईचे रहिवासी असतात, स्त्रिया आणि मुले, ज्यांना ते सैनिक सुरक्षित जागी नेत होते. एक जळालेली आई मुलाला पोटाशी धरून आहे आणि तिचा तळवा त्याच्या डोळ्यांवर आहे. मी कंट्रोलर खाली ठेवू लागलो, तर मामा म्हणाले, “बंद करू नको. चालत राहा.”

प्रसंग संपल्यावर त्यांनी फौजेत चौकशीला बसल्यासारखे प्रश्न विचारले. तिथे कोण आहे हे तुला कुणी सांगितले होते का? नाही. विचारायची काही सोय होती? नाही. न मारता परत फिरता येत होते? नाही. “मग तुला कोंडीत धरलंय त्यांनी,” ते म्हणाले. “आमच्यात विचारायची सोय असते. असलीच पाहिजे.” मला हायसे वाटले, कारण मित्रांमध्ये हा गेम गाजत होता तेव्हा मीही नेमके हेच बोलत असे: दोर लेखकाच्या हातात आणि पापाचे धनी मात्र आपण, हा अप्रामाणिकपणा आहे. एका जाणत्या सैनिकाने माझ्या बाजूने निकाल दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा घेताना, त्यांनी अगदी शांतपणे पुस्ती जोडली. “गेमनं विचारू दिलं नाही, बरोबर. पण मी तर तुला विचारलं होतं.”

या वाक्याला माझ्याकडे बरीच उत्तरे आहेत आणि ती सगळी मी मनात मांडून पाहिली आहेत. विचारून काय होणार होते? तो मारा केल्याशिवाय गेम पुढे सरकतच नाही. ‘मग यंत्र बंद करायचे’ हा अनेकांचा युक्तिवाद मला आजही पोकळ वाटतो. वाचकाने पुस्तक मिटले म्हणून कथेतला खून टळत नाही. पडद्यावर कुणी खरे नव्हते. हे सगळे बरोबरच आहे. आणि तरीही एका माणसाने, ज्याने अशी दृश्ये खऱ्या दुर्बिणीतून पाहिली असण्याची शक्यता आहे, मला ‘बसलेली आहेत’ असे सांगितले, आणि मी ‘टार्गेट’ म्हणालो. पूर्वी जो मी या प्रसंगाला लेखकाची लबाडी म्हणत असे, त्याला मला आज सांगावेसे वाटते की तुझ्याशेजारी मामा बसलेले नव्हते. त्यावर तो म्हणेल की शेजारी कोण बसले आहे यावरून गेम चांगला की वाईट ठरत नाही, आणि हेही मला खोडून काढता येत नाही.

त्यानंतर मी थांबलो का, असे कुणी विचारेल. नाही. मामांनीच दुसरा गेम लावायला सांगितले. मी सेगाचा ‘बायनरी डोमेन’ लावला, त्याच वर्षीचा, ज्यात शत्रू म्हणजे यंत्रमानव. पायावर गोळी मारली तर ते सरपटत येतात, डोके उडवले तर गोंधळून आपल्याच साथीदारांवर उलटतात, आणि प्रत्येक गोळीने पत्र्याचे तुकडे झडतात. मामांना तो मनापासून आवडला. त्याच्या कथेत पुढे असे यंत्रमानव निघतात ज्यांना स्वतः यंत्र असल्याचे ठाऊकच नसते, तो भाग आला तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे इथंही तेच.” आता कोणताही जुना गेम लावला की आडोशाची उंची, कॅमेऱ्याचे अंतर आणि बटणांची रचना मी पूर्वीइतक्याच आवडीने पाहतो, पण सोबत भिंतीपलीकडे कोण ठेवले आहे आणि ते दिसण्याची सोय केली आहे का, हेही तपासतो. ‘मॅक्स पेन’ पुन्हा खेळताना याचा त्रास झाला नाही. ‘गिअर्स’च्या वेळीही नाही, आणि तो का झाला नाही याचे समाधानकारक कारण मला अजून सापडलेले नाही. त्यातले शत्रू, ‘लोकस्ट’ म्हणजे टोळ या नावाचे, जमिनीतून निघालेले राक्षस आहेत, हे कारण मला फार सोयीचे वाटते.

आता माझा पुतण्या अठरा वर्षांचा झाला आहे आणि त्याला ‘स्पेक ऑप्स’ खेळायचा आहे. जानेवारी २०२४ मध्ये परवान्यांची मुदत संपल्यामुळे हा गेम ऑनलाइन विक्रीतून काढला गेला, त्यामुळे त्याला माझीच डिस्क हवी आहे. तो रोज विचारतो, “काका, कधी देताय?” मी त्याला तळाच्या त्या प्रसंगाची कल्पना आधी दिली तर गेमने जे करायचे योजले आहे ते होणार नाही. नाही दिली, तर यागरने माझ्याशी जे केले तेच मी जाणूनबुजून त्याच्याशी करेन. आणि मी शेजारी बसलो, तर ते ठिपके पळत का नाहीत हे त्याला विचारायचे की नाही, हे मला ठरवता आलेले नाही. डिस्क तूर्त माझ्याकडेच आहे.