सूत्र आधी का देत नाही?

"बाई, सूत्र आधी सांगून टाका ना. रिक्षाचं भाडं आणि रांगोळीचे ठिपके यांत आठवडा जातो, पोर्शन मागे राहतो." पालकसभेत दरवर्षी कुणी ना कुणी हे म्हणतंच. दहावीच्या वर्षाची धास्ती मला कळते. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

मी भांडुपला नववी-दहावीला गणित शिकवते. सुरुवातीची काही वर्षं मीही सूत्रानेच सुरुवात करायची. मुलं दहा उदाहरणं भराभर सोडवायची, आणि अकराव्याची भाषा जरा बदलली की पेन खाली ठेवून माझ्याकडे बघायची. "टीचर, यात कुठलं सूत्र?" हा प्रश्न मला फार लागायचा. मुलं हुशार होती. त्यांच्या हातात उत्तर होतं, पण ते कशाचं उत्तर आहे हे मी त्यांना दाखवलंच नव्हतं.

आता मी फळ्यावर दोन आकडे लिहिते. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये, त्यात पहिले दीड किलोमीटर. पुढे दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. मग विचारते, तीन किलोमीटरला किती?

दीडची दुप्पट, म्हणून ५२, असं बहुतेक जण सांगतात. मग आम्ही एकेक पायरी मांडतो. पहिल्या दीडचे २६, वरच्या दीडचे २५.७१, एकूण ५१.७१. म्हणजे २९ पैसे कमी. सहा किलोमीटरला हिशेबाने १०३.१३ येतात, आणि तीनच्या भाड्याची दुप्पट १०३.४२. पुन्हा २९ पैसे! मुलं मग स्वतःच चार, पाच, सात किलोमीटर घेऊन दुप्पट करून बघतात. दर वेळी तेच २९ पैसे. हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून "का?" हा प्रश्न त्यांचा स्वतःचा असतो.

उत्तर मिळायला कधीकधी अख्खा तास जातो. दीड किलोमीटर १७.१४ च्या दराने २५.७१ झाले असते, पण आपण २६ देतो. हे वरचे २९ पैसे एका प्रवासात एकदाच द्यायचे असतात. दुप्पट करताना आपण ते दोनदा धरतो. आलेख कागदावर दीडच्या पुढची रेघ मागे वाढवली, तर ती उभ्या अक्षाला नेमकी ०.२९ वर भेटते. टॅक्सीचं किमान भाडं ३१ आणि पुढचा दर २०.६६, तिथे हाच फरक एका पैशावर येतो. तिची रेघ जवळजवळ शून्यातूनच जाते. पुस्तकातली "सरळ रेषा" मुलांना तेव्हा खरी वाटते.

पण दीडच्या आत ती रेघ चालत नाही. अर्ध्या किलोमीटरला उतरलात तरी २६च, म्हणून तिथे आलेख आडवा पडलेला असतो. एका वर्षी, वडील रिक्षा चालवतात असा एक मुलगा उभा राहिला. "टीचर, ट्रॅफिकमध्ये उभी असली तरी मीटर पडतं. आणि रात्री बारानंतर सव्वापट." त्याने माझं गणित मोडलं, आणि मला त्याचा फार आनंद झाला. अंतर तेच, भाडी दोन, मग नुसतं अंतर सांगून भाडं ठरत नाही. वेळ आणि थांबणंही सांगायला हवं. 'फल', म्हणजे इंग्रजीतलं फंक्शन, हा शब्द अकरावीत येतो. एक दिलं की एकच मिळायला हवं, ही त्यामागची अट त्या मुलांनी नववीतच समजून घेतली. ज्या प्रश्नात मुलाला शिक्षकाची चूक काढता येते, तोच मला खरा व्यवहारातला प्रश्न वाटतो. आंबे-पेरूंची नावं घालून सजवलेली बेरीज त्यात येत नाही.

रांगोळीचंही तसंच. सात ते एक ठिपके म्हणजे मधल्या ओळीत सात, वर-खाली पाच, तीन, एक. एकूण २५. पाच ते एक काढली तर १३, तीन ते एक ५, आणि नुसता एक ठिपका १. वाढ ४, ८, १२, म्हणजे चाराचा पाढा. दहावीची अंकगणित श्रेढी इथेच भेटते. एका मुलीने वही तिरकी धरली आणि पंचवीस ठिपक्यांत दोन चौरस दाखवले, एक सोळाचा, एक नऊचा, एकमेकांत गुंफलेले. इतकी वर्षं दिवाळीत मी ती रांगोळी काढतेय, मला ते कधी दिसलं नव्हतं. नऊ ते एकला किती लागतील? तिने न काढताच सांगितलं, पंचवीस आणि सोळा, एक्केचाळीस.

सूत्र मी देतेच, थोडं उशिरा. आधी वहीत त्यांचं वाक्य हवं: "पहिल्या दीडचे २६, मग जितके किलोमीटर वर तितके १७.१४." त्या "जितके"च्या जागी क्ष लिहायला मग दोन मिनिटं लागतात.