खाज नसलेल्या सासूबाई

"मॅडम, हे औषध लागूच पडत नाही." तिसऱ्यांदा आलेल्या त्या बाईंनी रिकामी ट्यूब टेबलावर ठेवली. त्या, नवरा, दोन मुलं, सगळ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत आणि कमरेभोवती खरूज. खरजेचे किडे मारणारं 5 टक्के परमेथ्रिन मलम दोनदा लावून झालं होतं, आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही झाल्या होत्या. पंधरा दिवस बरं, की पुन्हा रात्रीची खाज. हल्ली खरूज परमेथ्रिनला दाद देत नाही ही कुरकुर आम्हा त्वचारोगवाल्यांत रोजचीच. मीही केसपेपरवर 'रेझिस्टन्स?' लिहून मोकळी झाले होते.

"घरी आणखी कोण?"

"सासूबाई. पण त्या अंथरुणावरच असतात, खाज अजिबात नाही. म्हणून त्यांना नाही लावलं."

पहिल्याच चिठ्ठीवर मी 'घरातील सर्वांनी लावणे' लिहिलं होतं. सर्व म्हणजे किती, ते विचारलं नव्हतं.

संध्याकाळी दवाखाना आवरून रामबागेत त्यांच्या घरी गेले. अर्धांगवायूने आजींची उजवी बाजू गेलेली. तळहातावर राखाडी, भेगाळलेली जाड खपली, नखांखाली चुन्यासारखा थर. सोरायसिस समजून मेडिकलवरून आणलेलं स्टिरॉइडचं मलम सहा महिने चोळणं चालू होतं. थोडं खरवडून काचेवर घेतलं, परत येऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. साध्या खरजेत अख्ख्या अंगावर दहा-पंधरा किडे, एक सापडायलाही घाम फुटतो. इथे सूक्ष्मदर्शकाखाली एका नजरेत सात, शिवाय अंडी.

नॉर्वेजियन खरूज! 1848 मध्ये नॉर्वेतल्या कुष्ठरुग्णांत वर्णन झालं, म्हणून हे नाव. संवेदना किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या अंगावर किडे हजारोंनी वाढतात आणि माणूस खाजवतही नाही. औषध बिचारं आपलं काम करत होतं, आजींच्या चादरीतून रोज नवी भर पडत होती.

आयव्हरमेक्टिनला खराखुरा प्रतिकार 2004 मध्ये ऑस्ट्रेलियातून नोंदला गेला, तोही याच खपलीच्या खरजेत, वारंवार गोळ्या दिल्यावर. त्यामुळे आजींना नुसत्या गोळ्यांवर ठेवायची माझी छाती झाली नाही. सॅलिसिलिक मलमाने खपली मऊ करून काढायची, डोक्यापासून पायापर्यंत परमेथ्रिन, गोळ्या 1, 2, 8, 9 आणि 15व्या दिवशी. घरातल्या बाकीच्यांनीही त्याच दिवशी लावायचं, चादरी उकळत्या पाण्यात.

दुसऱ्या दिवशी हे सगळं समजावून सांगताना विचारलं, "आजींना आंघोळ कोण घालतं?"

"मालीशवाल्या मावशी येतात ना, रोज सकाळी."

"त्या आणखी कुठे जातात?"

"तीन-चार घरी. पलीकडच्या गल्लीत बाळंतीण आहे, तिच्या बाळालाही त्याच..."

मी पॅड पुन्हा पुढे ओढलं.