मूळचे आडनाव

आम्ही सिएटलच्या पूर्वेला, बेलव्ह्यू येथे राहतो. गणपतीत आमच्याकडे आरतीला पंचवीस-तीस माणसे जमतात. चार वर्षांपूर्वी माझ्या कार्यालयातला, नाशिककडचा एक तरुण सहकारी प्रथमच आला. तो आडनावाच्या जागी वडिलांचे नाव लावतो. मोदकाची वाटी त्याच्या हाती देताना मी सहज विचारले, "आणि तुमचं मूळचं आडनाव काय?" तो क्षणभर थांबला, त्याने गावाचे नाव सांगितले आणि द्राक्षबागांविषयी बोलू लागला. पुढे ओळख वाढल्यावर त्यानेच मला सांगितले, की हा प्रश्न त्याला इथल्या जवळजवळ प्रत्येक मराठी घरात विचारला गेला आणि खरे उत्तर दिल्यावर दोन घरांतली शनिवारची आमंत्रणे बंद झाली. मी केवळ चौकशी करते आहे, असे मला त्या दिवशी वाटले होते. त्या चौकशीचा अर्थ मला ठाऊक नव्हता असे मात्र मी म्हणू शकत नाही, कारण आडनावावरून माणूस 'कुठला' ते ओळखायला मी लहानपणी घरातच शिकले.

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटलच्या नगर परिषदेने ६ विरुद्ध १ मतांनी जातीवर आधारित भेदभावाला बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतले पहिलेच शहर. नोकरी, घर भाड्याने देणे आणि सार्वजनिक सेवा यांना ही बंदी लागू आहे. प्रस्ताव मांडणाऱ्या क्षमा सावंत या पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही असे विधेयक मंजूर केले होते. परंतु प्रचलित कायद्यांत हा भेदभाव आधीच निषिद्ध आहे, असे कारण देऊन राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी ७ ऑक्टोबर रोजी ते नाकारले.

आमच्या ओळखीतल्या अनेकांना हे कायदे हिंदूंची बदनामी करणारे वाटतात. त्यांची भीती मी समजू शकते, कारण परक्या देशात आपल्या धर्माविषयी कोणी अर्धवट माहितीवर बोलले की मलाही दुखते. तरीही हे म्हणणे मला पटत नाही. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा त्यांनी धर्माची बदनामी केली असे आज आपल्यापैकी कोण म्हणेल? आणि ज्या चोखोबांची समाधी त्याच मंदिराच्या पायरीशी आहे, त्यांचे अभंग आपण इथेही गातो.

जात परदेशात येईल हे आपल्याच माणसांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. ज्ञानकोशकार केतकरांनी अमेरिकेत शिकत असताना, १९०९ साली लिहिले, की हिंदू जगात इतरत्र गेले तर जात हा जगाचा प्रश्न होईल. १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात डॉ. आंबेडकरांनी केतकरांचे हेच वाक्य उद्धृत केले आणि जातीचे मर्म जातीतल्या जातीत होणाऱ्या विवाहात आहे, अशी मांडणी केली.

सिएटलचा कायदा वॉशिंग्टन सरोवराच्या अलीकडे, आमच्या बेलव्ह्यूला लागू नाही. आणि तो लागू झाला तरी कोणाच्या जेवणाच्या टेबलापर्यंत पोहोचणार नाही. पण कार्यालयात वरिष्ठाने जात विचारली, तर तक्रार कोणत्या नावाने करायची हे त्यामुळे तिथल्या माणसाला कळते, आणि माझ्या सहकाऱ्यासारख्यांना ती गोष्ट फार मोठी वाटते. घरातला प्रश्न आपणच सोडवायचा आहे. गेल्या महिन्यात इथल्या एका वधू-वर मेळाव्याचा अर्ज माझ्याकडे आला. त्यात शिक्षण आणि नोकरी यांच्याही आधी 'जात' आणि 'पोटजात' असे दोन रकाने होते, आणि ते भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नव्हता. ते काढून टाकावेत, असे पत्र मी आयोजकांना लिहिले. उत्तर आलेले नाही, म्हणून पुढच्या रविवारी मी त्यांना भेटायला जाणार आहे. सहकारीही सोबत येतो म्हणाला आहे.