हरळीचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं

मे संपत आला की दरवर्षी हा प्रश्न येतोच, की आता कुठं गवत बरं दिसायला लागलंय, वळवाचे दोन पाऊस पण झालेत, मग नेमकं आत्ताच ग्रीन बंद का करता? ग्रीन म्हणजे गोल्फमध्ये चेंडू शेवटी ज्या होलमध्ये घालायचा त्याच्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ. मळ्याचे मालक विचारतात, त्यांच्याकडं खेळायला येणारे पाहुणे विचारतात, कॉलेजच्या ज्या ग्राऊंडचं आउटफिल्ड मी बघतो तिथले कोच पण विचारतात. प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच काढतो.

नवीन वाचणाऱ्यांसाठी, मी सांगलीचाच. ॲग्री झाल्यावर पुण्याकडं एका गोल्फ कोर्सवर ग्रीन स्टाफमध्ये बरीच वर्षं काढली आणि आता कसबे डिग्रजच्या बाजूला कृष्णाकाठी एका बागायतदार घरानं हौसेनं केलेल्या थोड्या ग्रीन सांभाळतो. अठरा होलचा कोर्स नाही, पण ग्रीन खऱ्या आहेत, खाली पाइप, त्यावर खडी आणि वर फूटभर वाळूचा थर, म्हणजे अमेरिकेतल्या यूएसजीए या गोल्फ संघटनेनं १९६० साली जी पद्धत छापली त्याच पद्धतीच्या.

तर मुद्दा असा. नेटवर गोल्फ मेंटेनन्सचं जे वेळापत्रक सापडतं ते बहुतेक थंड देशांतल्या गवताचं असतं, बेंटग्रास, फेस्क्यू, राय वगैरे. ती गवतं वाढतात त्यांच्या वसंतात आणि शरदात, म्हणून ते लोक एप्रिलला एकदा आणि सप्टेंबरला एकदा ग्रीनला बारीक भोकं पाडतात, खाली मुळांपर्यंत हवा-पाणी जावं म्हणून. आपल्याकडं असते हरळी, तिला ऊन लागतं, जमीन तापलेली लागते आणि पाणी लागतं, आणि या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात त्या रोहिणी लागल्यापासनं पुढं. थंडीत तिची वाढ जवळजवळ थांबते. जानेवारीत हवा छान असते, खेळायला मजा येते, मजूर पण मोकळे असतात म्हणून कुणी त्या वेळी भोकं पाडली तर ती भोकं महिना-दीड महिना तशीच उघडी राहतात. तेच काम मेच्या शेवटी केलं की दोन-तीन आठवड्यांत ग्रीन भरून येते, कुठं भोक होतं ते शोधावं लागतं. म्हणून बंद. गवत चांगलं दिसतंय म्हणजेच त्याच्यात आता जखम भरायची ताकद आलीय, आणि जखम करायची वेळ तीच.

हरळीवरनं आठवलं, पहिल्या वर्षी ग्रीनवर बारक्या कांड्या लावायला गावातल्या बायका लावल्या होत्या, त्यातल्या एक आक्का कांड्या हातात घेऊन बघतच राहिल्या. म्हणाल्या, "दादा, जलम गेला उसातली हरळी काढण्यात, आन तुमी लावा म्हणताय व्हय?" मी म्हणालो, आक्का, हीच गणपतीला दूर्वा म्हणून वाहता की. खरंच तीच आहे, शास्त्रीय नाव सायनोडॉन. गोल्फच्या ग्रीनवर जी टिफड्वार्फ नावाची जात असते ती जॉर्जियातल्या टिफ्टन या गावच्या संशोधन केंद्रातली, १९६५ ची, आपली साधी हरळी आणि आफ्रिकेतली एक बारीक पानाची हरळी यांच्या संकरातनं आलेली. तिला उगवणारं बी धरत नाही, म्हणून बी विकत घेऊन पेरता येत नाही, उसासारख्या कांड्याच लावाव्या लागतात. त्या आक्का आज माझ्याकडच्या सगळ्यात भारी माणूस आहेत, टिफड्वार्फमध्ये साधी हरळी घुसली तर लांबनं ओळखतात आणि खुरप्यानं मुळासकट काढतात. लव्हाळ्याला मात्र त्या खुरपं लावू देत नाहीत. वरनं खुडला की खालची गाठ तशीच राहते आणि चार दिवसांत परत वर येतो, त्याला बोटभर सळई घालून गाठीपर्यंत जावं लागतं.

आता भोकांबद्दल. मशीन बाहेरनं भाड्यानं आणतो. पोकळ दात असतात, बारा मिलिमीटरचे, दोन इंचांवर एक भोक आणि खोली तीन इंच. दात वर येताना मातीची कांडी घेऊन येतो, ती ग्रीनवर पडते. बहुतेक जण त्या कांड्या झाडून टाकतात आणि पुढं जातात. माझं म्हणणं, आधी एक कांडी तळहातावर घेऊन नीट बघा, वर्षभराचा हिशोब तिच्यात असतो. वर नखाएवढं हिरवं, त्याखाली तपकिरी स्पंजसारखा थर, म्हणजे जुनी खोडं आणि मुळं न कुजता साठलेली, हा थर अर्ध्या इंचाच्या वर गेला की पाणी वरच अडतं आणि रोग तिथंच राहायला येतात. मग स्वच्छ वाळू, आणि आमच्या खालच्या अंगाच्या ग्रीनवर वाळूच्या मध्येच एक काळपट रेघ, पेन्सिलीनं मारल्यासारखी. पांढरी मुळं वरनं सरळ खाली येतात आणि त्या रेघेवर येऊन आडवी वळतात. वास घेतला की गटारीसारखा येतो. ती रेघ म्हणजे पुराचा गाळ.

सांगलीत पुराबद्दल कुणाला सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैमध्ये परत आलं. लोकांना वाटतं पुरानं गवत मरतं. हरळी पाण्याखाली बरेच दिवस तग धरते, तिला मारतो तो वर बसलेला गाळ. तो वाळला की पापुद्रा होतो, खाली हवा जात नाही, आणि वाळूच्या ग्रीनवर तो जर कुणी "खत आहे, मिसळू दे" म्हणून वाळूत मिसळला तर त्या ग्रीनचा निचरा गेलाच समजा. उसाच्या रानाला गाळ चालतो, ग्रीनला अजिबात नाही. पाणी उतरत असतानाच, गाळ ओला असतानाच, रबरी खोऱ्यानं ओढायचा आणि पाइपनं धुऊन काढायचा. घरं धुवायची का ग्रीन धुवायच्या असा प्रसंग असतो तेव्हा, मला माहिती आहे, आणि घरं आधीच, त्यात वादच नाही. पण जे उरतं ते ही रेघ होऊन राहतं, आणि ती फोडायला वर्षातनं एकदा हे पोकळ दात घालणं एवढाच उपाय आहे.

भोकं पडली की वाळू. पाच गुंठ्यांच्या ग्रीनला भोकं भरून वर पातळ थर द्यायला साधारण एक ब्रास लागते. नदीची वाळू आता परवडत नाही, म्हणून क्रश सँड, पण ती धुतलेलीच पाहिजे. न धुतलेलीत दगडाची पीठी असते आणि ती भोकात बसून सिमेंटसारखी घट्ट होते. ट्रॉली उतरवायच्या आधी मूठभर वाळू बाटलीत पाणी घालून हलवून बघा, पाणी दुधासारखं झालं आणि तसंच राहिलं तर ट्रॉली परत पाठवा, भाडं गेलं तरी चालेल.

मशीन चालवायच्या आधी वाफसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, बघणं हे आपल्याकडच्या माणसाला शिकवावं लागत नाही, पण गंमत म्हणजे रानात वाफशाशिवाय पाऊल न टाकणारा माणूस ग्राऊंडवर मात्र सरींनंतर तासाभरात रोलर फिरवतो. का तर उद्या मॅच आहे. काळ्या मातीच्या आउटफिल्डवर ओल्यात रोलर फिरवला की माती दाबून विटेसारखी होते, मग पुढचे तीन महिने पाणी उभं राहतं, आणि दोष येतो गवतावर. एक मॅच पुढं ढकला, एवढंच सांगतो.

याच दिवसांतलं दुसरं महत्त्वाचं काम म्हणजे हुमणी, मुळं खाणारी अळी. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की त्याच संध्याकाळी, दिवस मावळला की, हुमणीचे भुंगेरे जमिनीतनं निघतात आणि कडुलिंबावर, बाभळीवर जमतात. आमच्या तिसऱ्या ग्रीनला लागून एक बाभूळ आहे, तिच्याखाली उभं राहिलं की अंगावर टपाटपा पडतात आणि पानं कुरतडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. ते पाला खातात, मादी परत जमिनीत शिरून अंडी घालते, आणि ऑगस्टमध्ये अळ्या मुळं खातात. तेव्हा गवत पिवळं पडतं, हातानं उचललं की गालिच्यासारखं सुटून येतं, आणि मग लोक कीटकनाशक शोधत फिरतात. ऑगस्टमध्ये मोठ्या झालेल्या अळीला काही करणं फार अवघड. मेच्या त्या आठ-दहा संध्याकाळी फांद्या हलवून भुंगेरे गोळा करणं, दिव्याखाली रॉकेल टाकलेल्या पाण्याची पाटी ठेवणं, आणि जूनमध्ये भोकं उघडी असताना वाळूबरोबर हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी देणं, हे स्वस्तात होतं. शेजारच्या ऊसवाल्यांना पण सोबत घ्या, भुंगेऱ्याला बांध कळत नाही.

खताचं थोडक्यात. गुंठ्याला महिन्याला किलोभर युरिया, तो पण दोन हप्त्यांत, पाणी देऊन. उसाला टाकतो तसं पोतं रिकामं करू नका, गवत लुसलुशीत होतं आणि रोगाला आयतं सापडतं.

जुलैत आठ-दहा दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा कटिंगची उंची वाढवायची. एरवी चार मिलिमीटरला कापत असलो तर पाचला न्यायची. एका मिलिमीटरनं काय होतंय असं वाटतं, पण पान हेच तिचं स्वयंपाकघर, ढगाळ हवेत तेच कमी केलं तर गवत विरळ होतं आणि त्या जागेत शेवाळ धरतं. चेंडू थोडा हळू पळेल, पळू दे. उष्ण दमट रात्री पाण्याच्या वाटेवर तेलकट, बसल्यासारखे पट्टे दिसले की तो पिथियम रोग, एका रात्रीत पसरतो. याच्यावर तासगावचे द्राक्षवाले डाऊनी रोगाला जे मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब मारतात तेच चालतं, पण निचरा नसेल तर औषध किती मारणार.

उन्हाळ्याबद्दल एकच. वाळव्यापासनं मिरजेपर्यंत नदीकाठची किती रानं क्षारपड झालीत ते आपण बघतोच, आणि तेच बोअरचं पाणी रोज संध्याकाळी थोडं थोडं शिंपडत राहिलं की मीठ वरच्या दोन इंचात साठतं. पहाटे द्या, एक-दोन दिवसांआड द्या, पण खोल द्या, म्हणजे क्षार खाली पाइपात जातील.

आणि दसऱ्यानंतर दव पडायला लागलं की गाफील राहायचं नाही, कारण सगळ्यांना वाटतं आता पाऊस गेला, रोग गेला. सकाळी सहाला ग्रीनवर वाकून बघितलं तर दवात कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतात, नऊला ऊन आलं की गायब, आणि आठवड्यानं तिथं रुपयाएवढे वाळके ठिपके. हा डॉलर स्पॉट. औषधाच्या आधी एक साधं काम करायचं, लांब लवचिक बांबू घेऊन उजाडायच्या आत ग्रीनवरनं फिरवायचा आणि दव झाडून टाकायचं, पान जितकं कमी वेळ ओलं राहील तितकी बुरशी कमी. मी दिवाळी होईपर्यंत हे रोज करून घेतो, रविवारी सुद्धा. यंदा कॉलेजच्या ग्राऊंडवर पण पिचच्या आसपास हेच करायचं ठरवलंय, तिथल्या मामांना बांबू देऊन ठेवलाय, आणि ग्राऊंड जूनमध्ये तीन आठवडे बंद ठेवायला कोच एकदाचे तयार झालेत.